वरच्या मजल्यावरची हैतीवाली

सकाळी दात घासायच्या आधी स्वतःच्या देशाला शिव्या घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमच्या मखमलाबादच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. सातच्या सुमाराला, माझ्या कुकरची शिट्टी व्हायच्या आत, तिच्या गॅलरीतून आवाज सुरू व्हायचा. फोनवर तिच्या आईचे, मावसभावाचे बोलून पाठवलेले निरोप आलेले असायचे. ते ती कानाला लावून ऐकायची आणि मग तिच्या त्या भाषेत असा पट्टा सोडायची की तारेवरचे कावळे उडून जायचे. मला त्या भाषेतलं अक्षर कळत नसे, पण शिव्या कळायला भाषा कशाला लागते? सगळं बोलून झालं की खाली वाकून मला मराठीत सारांश सांगायची. "काकू, लय वंगाळ देश हाय माझा. अर्धा चोरांनी नेला, उरला तो मूर्खांनी खाल्ला."

हे असलं मराठी ती आमच्या ह्यांच्याकडून शिकली. आम्ही माळी माणसं. गावाभोवतालची जमीन बिल्डरांनी गिळली तरी ह्यांनी अर्धा एकर राखून ठेवलाय, त्यात झेंडू, मेथी आणि डांगर, म्हणजे लाल भोपळा, करतात. तिला घरात करमायचं नाही, म्हणून ती बांधावर जाऊन बसायची आणि ह्यांच्याशी बोलायची. तिचा नवरा तिच्याशी फ्रेंचमध्ये नाहीतर इंग्रजीत बोले, त्यामुळे तिला मराठी जे मिळालं ते आमच्या बांधावरचंच. काळीभोर, उंच, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली बाई भाजीवाल्याला "लय महाग लावतो रे बाबा, देवाला भी" म्हणाली की तो भाव करायचं विसरून नुसता बघत राही. तिचं नाव योलेत. ह्यांनी केलं योलाबाई. गल्लीने आधी आफ्रिकन ठरवलं आणि तिने भर चौकात नकाशा दाखवून भांडण केल्यावर हैतीवाली ठरवलं. तेच टिकलं.

नवरा सुहास, चांदवडचा. वाइन बनवायचं शिक्षण घेऊन कॅनडात मॉन्ट्रियलला गेला, तिथल्या दवाखान्यात ही नर्स होती, तिथे जमलं. ही सतरा वर्षांची असताना देश सोडून आलेली. पुढे सुहासला नाशिककडच्या एका वायनरीत मोठी जागा मिळाली आणि दोघं इकडे आली. तिचा नर्सिंगचा दाखला इथे चालेना, म्हणून ती घरी बसली. सुहास स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं गाव इथून तासाभरावर, हायवेला लागलं की आलंच. पण हा जायचा दिवाळीला, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. योलेतला याचा भयंकर राग. म्हणायची, "ह्याचं गाव ह्याच्या खिशात हाय, काकू, म्हणून ह्याला दिसत नाय. माझं गाव दुनियेच्या पल्याड हाय, ते मला रोज दिसतं." सुहास बिचारा मोबाइलमध्ये डोकं घालून बसे.

पण एक गोष्ट गल्लीला फार उशिरा कळली. त्या देशाला शिव्या घालायचा मक्ता तिचा एकटीचा होता. दुसऱ्याने तोंड उघडलं की संपलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला खाली बोलावलं होतं. समोरच्या बंगल्यातल्या बाईंना कुठलातरी व्हिडिओ पाहिल्यापासून राहवत नव्हतं. तिळगूळ हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अगं बाई, तुमच्याकडे म्हणे लोक मातीच्या पोळ्या करून खातात? खरंच का हो?" दहाबारा बायका तिच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता ही वाण फेकून मारते. तिने शांतपणे तोंडातला तिळगूळ संपवला. "खातात. भुकेनं भी खातात आणि पोटुशी बाया आवडीनं भी खातात. तुमच्या व्हिडिओत एकच दाखवलं." आणि मग तिने एकेकीकडे बोट दाखवून विचारायला सुरुवात केली. "तुम्ही? पोर पोटात होतं तवा? खरं सांगा, संक्रांत हाय." आधी माझीच पाळी आली. मी प्राचीच्या वेळी तुळशीच्या कुंडीतली माती खाल्ली होती, सासूची नजर चुकवून. सांगून टाकलं. मग शेजारची म्हणाली, भाजलेलं खापर. एकीने पाटीवरची पेन्सिल कबूल केली. शेवटी व्हिडिओवाल्या बाईंनी मान खाली घालून सांगितलं, भिंतीचा चुना. हसून हसून बायकांची पुरेवाट झाली.

सगळ्या गेल्यावर मला ताटं आवरू लागायला ती थांबली. हसू कुठल्या कुठे गेलेलं. म्हणाली, "काकू, भुकेनं खातात हे खरं हाय. मी लहानपणी बघितलंय. बाजारात ढीग लावलेले असायचे." मी म्हटलं, "मग त्या बाईवर एवढी का उखडलीस?" तर म्हणाली, "ती बोलली ते खोटं नव्हतं. पण तिनं बोलायचं नव्हतं." आपलेच दात, आपलेच ओठ. हे आपल्याला नवीन नाही. माझ्या माहेरच्या माणसांना मी काय काय बोलते, पण ह्यांनी एक शब्द काढून बघावा!

माझ्या अंगावर ही गोष्ट एकदा उलटली. बुधवारच्या बाजाराला आम्ही दोघी गंगेवर गेलो होतो. गोदावरी म्हणायची आम्हाला सवय नाही, आमची ती गंगाच. पिशव्या भरून पुलाजवळ आलो तर योलेत थांबली आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. पाण्यावर फेस, कडेला निर्माल्याच्या पिशव्या, पलीकडून एक नाला सरळ आत येतोय. "काकू, आई म्हणता आणि तिच्या तोंडात गटार सोडता?" आता हे मी स्वतः, ह्यांनी, गल्लीतल्या प्रत्येकाने हजारदा म्हटलेलं आहे. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुझ्या देशात काय नद्यांतून दूध वाहतं का गं?" ती माझ्याकडे बघून जी हसायला लागली! भर बाजारात, कंबरेवर हात ठेवून. "आता कळलं?" एवढंच म्हणाली. मला काय कळायचं ते कळलं, पण घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

घरी बसून कंटाळली म्हणून तिने फ्रेंचच्या शिकवण्या सुरू केल्या. आजकाल आमच्याकडे घरटी एक पोर कॅनडाच्या वाटेवर आहे, आणि त्यातल्या मॉन्ट्रियलकडे फ्रेंच लागतं. माझी प्राचीही जायला लागली. पहिल्या दिवशी सगळी पोरं वह्या घेऊन बसली की आता माझं नाव अमुक, मी नाशिकचा, असं शिकवतील. हिने पहिलं वाक्य शिकवलं, "आई, मी ठीक आहे, जेवले आहे, थंडी फार नाही." ते सगळ्यांकडून घोकून घेतलं. मग म्हणाली, "हे पाठ करा. रोज लागंल. आणि ते खोटं असंल, म्हणून चेहरा न बदलता म्हणायचं." पोरं हसली. प्राचीने घरी येऊन नक्कल करून दाखवली तेव्हा हेही हसले. मला नाही हसू आलं.

तिचा एक सण मात्र आमच्या अंगणात व्हायचा. एक जानेवारी हा त्यांचा स्वातंत्र्याचा दिवस, आणि त्या दिवशी डांगराचं सूप प्यायलंच पाहिजे. का, तर तिथे गोऱ्या मालकांच्या घरी ते सूप गुलामांनी शिजवायचं आणि मालकांनी प्यायचं, गुलामाला थेंबभर चाखायची बंदी. स्वतंत्र झाले त्या दिवशी सगळ्यांनी तेच पोटभर प्यायलं. ह्यांच्या शेतातली डांगरं ती बोटाच्या पेरांनी वाजवून निवडायची. अंगणात मोठं पातेलं चढायचं, त्यात मटण, कोबी, गाजर, बटाटे आणि शेवटी चक्क मॅकरोनी. माझ्यासाठी मटणाशिवायचं वेगळं. ढवळता ढवळता तिचं सुरू व्हायचं. "दोनशे वर्षं झाली, फ्रान्सची फौज हाणली आम्ही. गुलामांनी. दुनियेत कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता? आता एक रस्ता नाय राखता येत ह्या भडव्यांना." हे म्हणाले, "योलाबाई, एवढं वाईट हाय तर सण कशाला करती?" ती पळी हातात धरून म्हणाली, "तुमचं पोरगं नापास झालं तर त्याचा वाढदिवस नाय करत का, काका?" हे दोन वाट्या जास्त प्याले.

आता तिच्या आईचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. आईला ती मामान म्हणायची. बाजारात सुके मासे आणि मसाले विकून त्या बाईने हिला शिकवलं आणि परदेशी धाडलं. राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सला, एकटी राहायची. शहर हळूहळू टोळ्यांच्या ताब्यात जात होतं. आज ही गल्ली गेली, उद्या तो चौक गेला. योलेत गॅलरीतून रोज विनवायची, मावशीकडे जा, उत्तरेला जा. म्हातारी ऐकायची नाही. म्हणायची, "घराला कुलूप लावलं की घर त्यांचं." मी एकदा योलेतला म्हटलं, "तू तिच्यावरच गेली आहेस." तर म्हणाली, "मी कुठं काकू, मी तर कुलूप लावून पळाले."

राजधानीच्या वरच्या बाजूला डोंगरात त्यांचं मूळ गाव. तिथे तिच्या बापाची कबर. त्यांच्याकडे कबर म्हणजे जमिनीवर बांधलेलं छोटं घरच असतं. तिचे आईबाप आयुष्यभर पत्र्याखाली राहिले, पण ही कबर सिमेंटची, पक्की, वरून निळा रंग. आत दोन माणसांची सोय. एका बाजूला बाप, दुसरी बाजू आईसाठी रिकामी. लोक आपल्या नव्या फ्लॅटचे फोटो दाखवतात तशी ती मला हा फोटो दाखवायची. "बघा काकू, आत दमट नाय, ऊन येतं, समोर डोंगर." तिची या जगाकडे एकच मागणी होती. आईला त्या दुसऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने ठेवायचं. देश बुडो, सरकार पडो, नाहीतर कुणी अध्यक्ष होवो, तेवढं एक झालं की तिचं देणंघेणं मिटलं. हे ती इतक्यांदा बोलली होती की आम्हाला पाठ झालं होतं.

आणि एका सकाळी गॅलरीतून आवाज आला नाही. मी कुकर चढवला, शिट्ट्या झाल्या, तरी नाही. वर गेले तर ही जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, फोन मांडीत. "मामान गेली. रक्तदाब. शेजारणीनं दवाखान्यात नेली, तिथंच गेली." सुहास नुकता कामावर गेला होता. मी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने मी विचारलं, आपल्याकडे विचारतातच, "कधी नेणार?"

"मी तिकडं पोचल्यावर."

"अगं, पण विमानतळ तर बंद आहे ना?" तो बंद असल्याचं तीच आठवडाभर ओरडून सांगत होती. टोळ्यांनी विमानांवर गोळ्या झाडल्या होत्या.

"उघडंल. तोवर बर्फात ठेवतील."

मग तिने मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे परदेशातलं पोर आल्याशिवाय पुरत नाहीत. आठवडे, कधी महिना महिना थांबतात. पोर उतरतं, पांढरे कपडे घालतं, बँडबाजा येतो, सगळं गाव मागे चालतं. ज्या आईसाठी पोर लांबून आलं तिचा मान मोठा. म्हातारीने स्वतः सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, माझी मुलगी इंडियातून येईल, तिच्याशिवाय मला हलवायचं नाही. तिकडच्या बाजारात म्हणे ती हे मिरवायची.

आता आम्ही इकडची माणसं. आमच्याकडे संध्याकाळी गेलेल्याला सकाळपर्यंत ठेवायचं म्हटलं तर घरात चूल पेटत नाही. मी आपलं जे तोंडात आलं ते बोलले. "योले, ऐक माझं. तिकडची परिस्थिती अशी. भावाला सांग, आजच्या आज उरकून घे."

ती ताडकन उठली. "उरकून घे? माझ्या आईला उरकून टाकू? तुमच्याकडं उरकतात, काकू. लाकडं लावली, राख केली, घरी येऊन आंघोळ केली, झालं. आमच्याकडं माणूस असतो तो." तिने मला दार दाखवलं. माझ्याच घरात. मी तरातरा जिना उतरले.

पण माणूस म्हणून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वर गेलेच. ती दिवसभर फोनवर. मुंबईहून पॅरिस, पॅरिसहून शेजारचा देश, तिथून सरहद्द. सरहद्द बंद. उत्तरेचा छोटा विमानतळ चालू, पण तिथून राजधानीपर्यंतच्या रस्त्यावर टोळ्यांची नाकी. "पुढच्या आठवड्यात उघडतंय म्हणे," हे वाक्य तिच्याकडून ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालं. गल्लीतल्या बायका मला कोपऱ्यात गाठायच्या. "अजून तशीच ठेवलीय? बाई बाई!" मी त्यांना उभं आडवं घेतलं. तोवर मलाही कळलं होतं की आपल्या माणसाबद्दल कुणी काय बोलायचं आणि काय नाही.

मग तो रविवार आला. सुहास घरी होता, मी डबा द्यायला गेलेले. मावसभावाचा फोन. तिने स्पीकरवर टाकला आणि सुहासने मला हळूच अर्थ सांगितला. भाऊ म्हणत होता, आज डोंगराकडचा रस्ता मोकळा आहे. गाडीवाला तयार आहे. गावात माणसं आहेत, पाद्री आहे. नेऊ का? आज नेली तर पोचेल.

मी देवाला हात जोडले. म्हटलं, हो म्हण बाई. एकदा हो म्हण.

सुहास चक्क मराठीत म्हणाला, "योलेत, नेऊ दे त्याला. तुझ्या बाबांच्या शेजारी जाईल ना ती. तेच हवं होतं ना तुला?" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच एवढं बोलला असेल. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून असेल. "तू तासाभरावर असून बापाच्या मातीला उशिरा पोचला. तू मला शिकवू नको." आणि फोनमध्ये एकच शब्द म्हणाली. त्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. थांब.

तो रस्ता पुढच्या दोनतीन दिवसांत गेला. टोळीने नाकं बसवलं, पूल अडवला. मग मामानला बर्फात ठेवलं होतं ते शवागार ज्या भागात होतं तो भागही पेटला. मालक कुलूप लावून पळाला, वीज गेली. भाऊ जीव मुठीत धरून तिकडे जाऊन आला तेव्हा दारं उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. कळलं ते असं, की कुठल्याशा गाडीतून सगळी प्रेतं शहराबाहेर नेली आणि एकाच खड्ड्यात घातली. नावं नाहीत, क्रॉस नाहीत. खड्डा नेमका कुठे, तेही कुणी सांगेना. निळ्या कबरीची दुसरी बाजू रिकामीच राहिली.

नंतरचे दिवस मला आठवायला नकोसे वाटतात. ती रडली नाही, हे एक. दुसरं म्हणजे तिच्या शिव्या बंद झाल्या. सात वाजायचे, साडेसात व्हायचे, गॅलरी गप्प. मी मुद्दाम म्हणून एकदा काढून बघितलं, "काय मेले ते लोक, म्हातारीला सुद्धा सोडलं नाही." मला वाटलं, आता माझ्यावर तरी तुटून पडेल. ती नुसतं "हो" म्हणाली. तिच्या तोंडून हो!

आता नाशिकच्या माणसाला अशा वेळी एकच सुचणार. सगळा मुलूख आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन आमच्या रामकुंडावर येतो, ज्यांचं काही अडलंय ते त्र्यंबकेश्वरी जाऊन शांत करून घेतात, आणि आमच्याच घरात ही बाई अशी. मी आमच्या ओळखीच्या गुरुजींना विचारलं. ते सज्जन. म्हणाले, घेऊन या, मेलेल्याला कसला आलाय देश. मी योलेतला म्हटलं, तर मुकाट्याने आली. हेच मला खटकायला हवं होतं.

कुंडावर नेहमीची गर्दी. केस काढलेले पुरुष, डोळे पुसणाऱ्या बायका, कुणी राजस्थानचे, कुणी नागपूरचे, प्रत्येकाच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं गाडगं. योलेत त्या गाडग्यांकडे बघत होती. मला वाटतं, तिला हेवा वाटत होता. गुरुजींनी पाट मांडला, आईचं नाव विचारलं. तिने सांगितलं. गुरुजींनी दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट म्हटलं. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघा ताई, ज्यांचा देह सापडत नाही, पुरात गेले, हरवले, त्यांच्यासाठी शास्त्रात सोय आहे. दर्भाची प्रतिमा करायची, तिलाच त्यांचा देह मानायचं, आणि सगळे संस्कार करायचे. तुमच्या आई हरवल्या, तरी..."

"हरवली नाय."

ती उठून उभी राहिली. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"माझी आई हरवली नाय, गुरुजी. ती माझ्या देशात हाय."

गुरुजींचा दर्भ हातातच राहिला. मी तिचा हात धरायला गेले तर तिने सोडवून घेतला आणि पायऱ्या चढून गेली. मी गुरुजींना नमस्कार केला, त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली.

रिक्षात बसल्यावर ती बोलली. "काकू, ते शवागार भरलेलं होतं. का, माहितीये? सगळे थांबलेले होते. कुणाचा पोरगा बोस्टनचा, कुणाची मुलगी मॉन्ट्रियलची. भाऊ म्हणतो, आत गल्लीतले लोक नव्हतेच, गरिबाला तर दुसऱ्या दिवशीच पुरतात. आत सगळे आमचे होते. बाहेर पळालेल्यांचे." रिक्षावाला आरशातून बघत होता. "आम्ही पळालो. मग पैसे पाठवले, शिव्या दिल्या, सूप केलं. आणि शेवटी म्हणालो, आमच्यासाठी थांबा." मग पंचवटी सुटेपर्यंत ती तिच्या भाषेत शिव्या देत होती. पण या वेळी देशाला नाही, हे मला त्या सुरावरून कळलं.

त्यानंतर ती दोघं फार दिवस राहिली नाहीत. सुहासने मॉन्ट्रियलला जुनं काम मिळवलं. तिला इथे राहायचं नव्हतं, आणि जायचं होतं ते गाव तर तिकिटाच्या खिडकीवर मिळत नव्हतं. निघायच्या दिवशी हे सकाळपासून शेतात जाऊन बसले, निरोप द्यायला आलेच नाहीत. रडताना दिसायला नको. सामान गाडीत चढल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, तुमचं बरोबर होतं." मी म्हटलं, "मसणात जावो माझं बरोबर." खरंच सांगते, आयुष्यात इतक्या भांडणांत माझं बरोबर निघालं, पण त्याची अशी किळस कधी आली नव्हती. तिने मला मिठी मारली, घट्ट, हाडं मोडतील अशी, आणि गाडीत बसली.

यंदा प्राचीही तिकडेच गेली. मॉन्ट्रियललाच. गेल्यावर पहिल्या फोनला म्हणाली, आई, मी ठीक आहे, जेवले आहे, थंडी फार नाही. चेहरा अगदी सरळ. शिकवणी उत्तम झालेली दिसली. मी फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं, योलेतला भेटून आले. एका वृद्धाश्रमात काम करते म्हणे. बारीक झालीये. जेवायला घातलं, मराठीत बोलली, ह्यांची चौकशी केली. आणि निघताना प्राचीला दारात थांबवून म्हणाली, आईला आत्ताच फोन करून सांग, उद्यावर टाकू नको. 'तुमच्यातलं कुणी गेलं तर माझ्यासाठी थांबायचं नाही', असं स्वतःच्या तोंडाने सांग. त्यांच्या मनात राहता कामा नये.

"मग सांग ना," मी म्हटलं.

प्राचीचा चेहरा त्या एवढ्याशा पडद्यावर वाकडा झाला. "नाही सांगणार. आई, मी येईन. कशीही येईन. तुम्ही थांबायचं. बाबा, सांगा ना तिला, थांबायचं."

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "थांबू की पोरी. लय थांबू. तू सावकाश ये."

फोन बंद झाल्यावर मी ह्यांच्यावर उखडले. एवढं डोळ्यांदेखत घडलं, वरच्या मजल्यावर घडलं, आणि तुम्ही तिला हो म्हणता? हे म्हणाले, "मग काय सांगू तिला? येऊ नको म्हणू?" मी म्हटलं, "मी आधी गेले तर थांबायचं नाही. त्याच दिवशी उरका. माझी शपथ आहे." त्यांनी मान हलवली. "बरं. आणि मी आधी गेलो तर?"

मी उठून स्वयंपाकघरात आले. उत्तर मला ठाऊक होतं. मी प्राचीसाठी थांबीन.